समोर कोणीच नव्हतं

प्रिय मंजू,

खूप दिवसांनी लिहितेय. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण तू मध्येच उपाय सांगायला लागली असतीस. तब्येत ठीक, पाठीचं ते जुनंच. आई बरी आहे.

मंगळवारी नोकरीची मुलाखत झाली. झाली म्हणजे रेकॉर्ड झाली. मेलवर लिंक आली, ती उघडली की पडद्यावर आपलाच चेहरा. प्रश्न लेखी येतो, विचार करायला तीस सेकंद, उत्तराला दोन मिनिटं, आणि कोपऱ्यात आकडे उलटे पळत असतात. पलीकडे माणूसच नाही. मान डोलावणारं कोणी नाही, "थांबा, म्हणजे नेमकं काय केलंत?" असं अडवणारंही नाही. तिसऱ्या प्रश्नाला मी बिलांच्या घोळाची ती गोष्ट काढली, तुला तोंडपाठ आहे ती. जिथे ऐकणारा हमखास हसतो तिथे सवयीने थांबले. कोणी हसलं नाही. आकडे पळत राहिले आणि मला पुढचं वाक्य सापडेना.

प्रेक्षकांतला एक चेहरा धर आणि त्यालाच सांग, असं तू नाटकाच्या तालमीत बजावायचीस. मी कायम विंगेतली तूच धरायचे. (माझे संवाद तू माझ्याआधी ओठांनी म्हणून मोकळी व्हायचीस. ते उत्तेजनार्थ बक्षीस खरं तर तुलाच द्यायला हवं होतं.) घरी सांगितलं तर "बरं झालं, घरबसल्या आटपलं" म्हणाले. म्हणून तुला लिहितेय.

आता डोक्यात एकच आहे: तो व्हिडिओ कोणी माणूस बघणार आहे का? अशा मुलाखतींची व्यवस्था पुरवणाऱ्या हायरव्ह्यूने चेहऱ्याच्या हालचालींचं विश्लेषण बंद केल्याचं २०२१च्या जानेवारीत जाहीर केलं होतं. म्हणजे त्याआधी ते होत होतं! चेहरा सोडला तरी बोललेलं लिहून काढून यंत्राला तपासता येतंच. माझ्या त्या थांबण्याचं यंत्र काय करणार? माणसाला कळलं असतं की ही बाई आठवतेय, घाबरलेली नाही.

नकाराचं मला काही वाटत नाही गं. नकार आला की ती फाइल मिटते. इथे बहुतेक ठिकाणी "आपला अर्ज मिळाला" एवढं येतं आणि पुढे सामसूम. रात्री झोपताना मेल बघायचा नाही असं ठरवते आणि बघते. आधी सीव्ही अपलोड करा, मग त्यातलंच सगळं पुन्हा चौकटींत भरा. सुहासने दोन रकान्यांचा देखणा सीव्ही करून दिला होता. एका साइटने तो वाचून चौकटी आपोआप भरल्या, तर पदाच्या जागी माझा फोन नंबर आणि कंपनीच्या जागी पदवी! बाकीच्या ठिकाणी तो कसा वाचला गेला असेल देव जाणे, तिथे भरलेलं दिसतच नाही. आता एक रकाना, साधी अक्षरं, तक्ते नाहीत. मी आयुष्यभर केलेल्या कामाला मी 'व्हेंडर पेमेंट्स' लिहीत होते, जाहिरातीत 'अकाउंट्स पेएबल' असतं. काम तेच. पण शोधणारा त्यांचे शब्द टाकून शोधतो, म्हणून आता दोन्ही लिहिते.

सुहासचंही ऐक. त्याला न दिलेल्या मुलाखतीचं ऑफर लेटर आलं, लोगोसकट. लॅपटॉपसाठी अनामत भरा म्हणे. मेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं. मी सांगितलं, नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही. वाचला. तुझ्या भाच्यालाही सांगून ठेव.

आणि हो, आपलं ते भांडण. तुझ्या मामांच्या शब्दावर तू लागलीस तेव्हा मी वशिला म्हटलं होतं आणि तू दोन महिने बोलली नव्हतीस. वशिल्याबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण ओळख वेगळी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३मध्येच मांडलं होतं की नोकरीची खबर जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. २०२२मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला, त्यातही अगदी परक्या नाहीत आणि घट्टही नाहीत अशा ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. म्हणजे या बाबतीत तू कुचकामी, इतकी जवळची! म्हणून गेल्या आठवड्यात जुन्या ऑफिसातल्या, नुसतं हसून पुढे जायच्या त्या ऑडिटवाल्या बाईंना मेसेज केला. नोकरी मागितली नाही, त्यांच्याकडे हे काम कोण बघतं एवढंच विचारलं. तासाभरात उत्तर आलं, पूर्ण वाक्यांत, खाली त्यांचं नाव. मी ते दोनदा वाचलं.

तुझं कसं चाललंय? धाकटीची परीक्षा झाली ना? नवीन साहेब अजून तसेच? मोठीला म्हणावं मावशीचा फोन उचल.

एक काम आहे. शब्द टाकू नकोस, तसलं काही नको. तुमच्या कंपनीच्या साइटवर अकाउंट्सची एक जागा कधीपासून दिसतेय, मध्येच तारीख नवी होते. ती खरंच भरायची आहे, की नुसते सीव्ही गोळा करायला ठेवलीय, तेवढं एचआरला विचारून कळव. नसेल तर नाही म्हण, चालेल. असेल तर अर्ज मी माझा साइटवरूनच करीन, फक्त तो वाचणार कोण त्याचं नाव मला दे. रविवारी सकाळी मी मोकळी असते.

तुझीच,
शुभा