स्कॅनिंगच्या ऑर्डरमध्ये नेमके काय मागावे?

महोदय,

ड्रॉइंग हरवलेले, मूळ उत्पादक बंद पडलेला आणि यंत्र मात्र धडधाकट, अशी स्थिती वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंतच्या अनेक लहान कारखान्यांत आढळते. अशा यंत्राचा झिजलेला भाग नव्याने बनवून घेण्यासाठी थ्रीडी स्कॅनिंग, म्हणजे वस्तूचा आकार मोजून संगणकात उतरवणे, हा चांगलाच उपाय आहे. परंतु स्कॅनिंग करून देणारा आणि करून घेणारा यांच्यात काय द्यायचे आणि काय घ्यायचे हे आधी ठरत नसल्याने पैसे खर्चूनही काम अडते, म्हणून हे पत्र.

स्कॅनिंगनंतर ग्राहकाच्या हाती पडते ते लक्षावधी त्रिकोणांचे जाळे, म्हणजे मेश. बहुधा ते एसटीएल स्वरूपात असते. थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीच्या स्टिरिओलिथोग्राफी (थ्रीडी प्रिंटिंगचा एक प्रकार) यंत्रांसाठी १९८७ मध्ये तयार झालेल्या या स्वरूपात प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे आणि त्याच्या पृष्ठभागाची दिशा यापलीकडे फारसे काही नोंदवलेले नसते. बायनरी फाइलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात. एक कोटी त्रिकोण झाले की फाइल ५०० एमबीच्या घरात जाते. एवढ्या अवजड फाइलमध्ये बोअर (गोल भोक) कोणता, रिब (मजबुतीची पट्टी) कोणती, फिलेटची (गोलावलेल्या कोपऱ्याची) त्रिज्या किती, यातले काहीच लिहिलेले नसते. मापे मिलिमीटरमध्ये आहेत की इंचांत, हेसुद्धा वेगळे विचारून घ्यावे लागते.

खरी गफलत पुढे होते. ग्राहक स्टेप फाइल (कॅड मॉडेलांच्या देवाणघेवाणीचे प्रमाणित स्वरूप) मागतो आणि पुरवठादार सॉफ्टवेअरमधील एका आज्ञेने प्रत्येक त्रिकोणाचा एक सपाट फेस (पृष्ठभाग) करून ती देऊन टाकतो. आमच्याकडे एका गिअरबॉक्सच्या झाकणाची अशीच फाइल आली होती. ती मूळ मेशच्या कित्येक पट मोठी होती आणि उघडताना संगणक बराच वेळ अडकून पडला. बेअरिंगच्या बोअरजवळ जाऊन पाहिले, तर आतली भिंत असंख्य चपट्या तुकड्यांची. व्यास मोजण्यासाठी वर्तुळ निवडावे तर वर्तुळच नाही, नुसत्या सरळ कडा. फाइलच्या नावापुढे स्टेप होते, त्यामुळे पुरवठादाराला खोटे पाडण्याची सोय नव्हती.

उपयोगाचे मॉडेल वेगळ्या वाटेने तयार होते. मूळ मेश जपून ठेवून तिच्या प्रतीवर काम करायचे. त्या प्रतीतील भोके बुजवायची, उलटे झालेले त्रिकोण सरळ करायचे आणि त्रिकोणांची संख्या उतरवायची. गारलँड आणि हेकबर्ट या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीने सपाट भागातले त्रिकोण मोठ्या प्रमाणात कमी होतात आणि कडा, वळणे बऱ्यापैकी शाबूत राहतात. मेशलॅब या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. त्यानंतर मशिनिंग केलेला फेस आणि मुख्य बोअरचा अक्ष यांच्या आधाराने भाग अक्षांवर नीट बसवायचा, ठिकठिकाणी छेद घेऊन स्केच काढायची आणि त्यांवरून एक्स्ट्रूड (स्केच सरळ ओढून), रिव्हॉल्व्ह (अक्षाभोवती फिरवून) करत मॉडेल नव्याने उभे करायचे. पंपाच्या इम्पेलरची पाती यांसारख्या मुक्त वळणांच्या भागांवर तेवढे नर्ब्स (गणिती सूत्रांनी बनणारे गुळगुळीत वक्र) पृष्ठभाग बसवावेत. मूर्तीचा साचा किंवा नुसता थ्रीडी प्रिंट हवा असेल, तर यातले बरेचसे काम अनावश्यक आहे. तिथे स्वच्छ मेश पुरते.

यातला कळीचा भाग सॉफ्टवेअरवर सोपवता येत नाही. समजा, गिअरबॉक्सच्या त्या झाकणातील बोअरचा व्यास स्कॅनवर ५२.०७ मिमी भरला. आत ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग बसत असेल, तर त्याचा बाह्य व्यास ५२ मिमी असतो, आणि बोअर एच७ (भोकाच्या मापातील सुटीचा एक प्रमाणित वर्ग) धरला तर वर जास्तीत जास्त ०.०३० मिमीची सूट मिळते. म्हणजे ५२.०७ ही झीज असू शकते किंवा स्कॅनरची चूक. बोअर गेजने तपासून मॉडेलमध्ये ५२ हाच आकडा टाकावा लागतो. स्कॅनर भाग आज कसा आहे एवढेच सांगतो. तो मुळात कसा असायला हवा, हे फिटिंगची जाण असलेल्या माणसालाच ठरवावे लागते. ओतकामाच्या पॅटर्नसाठी मॉडेल हवे असेल, तर धातूच्या आकुंचनाचा आणि मशिनिंगचा अलाउन्सही (जादा माप) त्यानेच धरायचा.

दोष एकट्या पुरवठादारांचा नाही. स्कॅनिंग तासाभरात उरकते, पण त्यावरून मॉडेल उभे करायला कित्येकदा काही दिवस लागतात. आपण मात्र दर विचारतो तो स्कॅनिंगचा आणि अपेक्षा ठेवतो ती मॉडेलची. मग त्या दरात त्रिकोणांची स्टेपच मिळणार!

म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योजक संघटनांना विनंती, की त्यांनी खरेदी आदेशासोबत जोडण्याजोगा एक पानी नमुना मराठीत तयार करावा. मॉडेल कशासाठी हवे, त्यातील मापे नंतर बदलता यायला हवीत का, कोणता फेस आणि कोणता अक्ष आधार धरायचा, बेअरिंगच्या जागी किती सूट आणि खडबडीत ओतीव भागावर किती, हे ग्राहकाने त्यात भरावे. पुरवठादाराने मॉडेलबरोबर मूळ मेश द्यावी आणि दोहोंतील फरक दाखवणारा रंगीत डेव्हिएशन रिपोर्ट जोडावा. झीज समजून मुद्दाम बदललेली मापे त्या रिपोर्टवर वेगळी नोंदवलेली असावीत, अन्यथा तपासणारा नेमक्या त्याच जागी लाल रंग पाहून चांगले मॉडेल परत पाठवील. स्कॅनिंगचा आणि मॉडेलिंगचा दर कोटेशनमध्ये स्वतंत्र दाखवणेही बंधनकारक करावे.

आपला,
एक टूलरूम व्यावसायिक,
वागळे इस्टेट, ठाणे (प.)