परमिटवरची तारीख नीट वाचा

महोदय,

कॅनडात शिकायला जाणाऱ्या मुलांचे पालक फी आणि राहण्याची सोय यांतच गुंतून जातात. आम्हीही तेच केले. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा फक्त देशात शिरण्यासाठी असतो. तिथे राहण्याचा आधार म्हणजे विमानतळावर हातात पडणारा स्टडी परमिटचा कागद, हे आम्हाला उशिरा कळले. माझ्या मुलीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पण परमिट जेमतेम सव्वा वर्षाचे. कारण साधे होते. पासपोर्टची मुदत तिथेच संपत होती आणि परमिट त्यापुढे मिळत नाही. निघण्यापूर्वी पासपोर्टचे नूतनीकरण केले असते, तर परीक्षेच्या दिवसांत तिची झालेली धावपळ टळली असती.

मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज गेला, तर निर्णय येईपर्यंत तिथे राहून शिकता येते. तारीख उलटली, तर विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याचा दर्जा पूर्ववत करून घ्यायला 90 दिवस मिळतात, पण तोवर शिक्षण आणि काम दोन्ही थांबवावे लागते. सत्र चालू असताना कॉलेजच्या बाहेर काम आठवड्याला 24 तासच. एखाद्या जास्तीच्या शिफ्टसाठी शिक्षणानंतर तिथे काम करण्यासाठी मिळणारे वर्क परमिट धोक्यात घालू नये, असे मी कळकळीने सांगते. त्या वर्क परमिटचा अर्जही अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे कळल्यापासून 180 दिवसांत करावा लागतो.

एजंट हे सगळे सांगतीलच असे नाही. आमच्या एजंटाने सांगितले नव्हते.

– एक पालक