थेक्कडी सहलीबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, जानेवारीतील सहलीसाठी मिरज ते एर्नाकुलम रेल्वे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होत असल्याने, इच्छुकांनी आपली नावे येत्या रविवारपर्यंत विश्रामबाग येथील कार्यालयात नोंदवावीत. पुढे थेक्कडीजवळच्या कुमळी गावापर्यंत घाटरस्ता आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी संकोच न करता पुढची जागा मागून घ्यावी.

थेक्कडी येथील पेरियार हा व्याघ्र प्रकल्प आहे, बाग नव्हे. १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाच्या तलावात आजही बुडालेल्या झाडांची वठलेली खोडे वर दिसतात व त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. ते किंवा काठावरचे हत्ती पाहण्यासाठी सर्वांनी एकाच बाजूला धाव घेतल्यास बोट कलंडण्याचा धोका असतो, म्हणून फेरी संपेपर्यंत लाइफ जॅकेट काढू नये व जागा सोडू नये.

ओलसर पायवाटांवर जळवा असतात, त्यामुळे लांब पायमोजे आणावेत. भडंग जरूर आणावे, मात्र स्टीलच्या डब्यात; मागील सहलीत पाकिटांच्या आवाजाने माकडे थेट बसमध्ये शिरली होती. रिकामे पाकीट जंगलात टाकणाऱ्यास पुढील सहलीत घेतले जाणार नाही.

— सहल समिती, सांगली