फी माफ झाली, पण पोरगं दुसऱ्या वर्षाला आलंच नाही

मा. संपादक, नमस्कार

बारावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात दरवर्षी बातम्या येतात, आई धुणीभांडी करते आणि मुलीला 88 टक्के, वडील नाक्यावर उभे राहतात आणि मुलगा कॉलेजात पहिला वगैरे. वाचून बरं वाटतं, पण हीच मुलं तीन वर्षांनी कुठे असतात ते कोणी छापत नाही. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितोय.

योजना नाहीत असं अजिबात नाही हो. जुलै 2024 पासून 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी (म्हणजे मराठा) आणि ईडब्ल्यूएस (म्हणजे खुल्या वर्गातल्या गरीब) मुलींना व्यावसायिक कोर्सेसची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, आधी ती निम्मी होती. महाज्योती ही ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठीची सरकारी संस्था जेईई-नीट-सीईटी या प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅब देते, रोजचा डेटा देते. बाहेरगावाहून येऊन इथे शिकणाऱ्या एससीच्या मुलाला सरकारी होस्टेल नाही मिळालं तर राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजना, आदिवासी मुलाला तशीच स्वयंम, ठाणे-नवी मुंबईत वर्षाला 60 हजार, त्यात 32 हजार जेवणाचे, 20 हजार राहण्याचे. नवी मुंबई महापालिका तर दगडखाण आणि नाका कामगारांच्या मुलांनासुद्धा शिष्यवृत्ती देते. मग घोडं पेंड कुठे खातं?

पहिलं म्हणजे कागद. तुर्भ्याच्या खाणीवर काम करणारं वडार कुटुंब घ्या, भटक्या विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी जात आणि राहण्याचा 1961 च्या आधीचा पुरावा लागतो, एससीला 1950, ओबीसीला 1967. आजोबा कधी शाळेची पायरी चढले नाहीत, गाव सोडून दोन पिढ्या झाल्या, मग हा पोरगा सोलापूर नाहीतर नांदेडकडे जाऊन कोणत्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात काय शोधणार? उत्पन्नाचा दाखला ठाणे तहसीलचा, तोही दरवर्षी नवा, आणि नाक्यावरच्या माणसाकडे सॅलरी स्लिप कुठून येणार. हे सगळं जमलं की महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म, मग आमच्यासारखा क्लार्क एक कागद पुसट आहे म्हणून परत पाठवतो, तो मेसेज ज्या मोबाईलवर जातो ते सिमकार्ड बापाने रिचार्ज न केल्याने बंद पडलेलं असतं, आणि पोराला वाटत राहतं की फॉर्म गेला. (क्लार्कचीही बाजू सांगतो, त्या टेबलावर एक माणूस आणि समोर हजारभर फॉर्म, तो एकेकाला फोन कधी करणार!)

दुसरं पैशाची वेळ. एससीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत 60 टक्के केंद्राचे आणि 40 राज्याचे, केंद्राचा हिस्सा थेट मुलाच्या खात्यात पडतो आणि त्याने तो कॉलेजला भरायचा. ऐकायला ठीक आहे. पण आधार लिंक असतं शाळेत असताना काढलेल्या भलत्याच खात्याला, किंवा पैसे येतात त्या महिन्यात घरात कोणीतरी आजारी, खोलीचं भाडं थकलेलं, ते पैसे तिकडे जातात, मग फी थकबाकी आणि परीक्षेच्या तोंडावर कॉलेजची नोटीस. असाच एक मुलगा आठवतो, सायन्सला होता, हुशार, मराठी माध्यमातून आलेला, मॅथ्सला केटी लागली म्हणजे विषय राहिला, समजावून सांगायला कोणी नाही, क्लास परवडत नाही, संध्याकाळी डिलिव्हरी सुरू केली आणि पुढच्या जूनला ॲडमिशन घ्यायला आलाच नाही. पोर्टलवर त्याचा अर्ज मंजूर होता, म्हणजे सरकारी हिशोबात तो यशस्वी लाभार्थीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण फी देतो, माणूस देत नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकापासून अपवर्ड बाउंड आणि नंतर त्याला जोडलेल्या ट्रायो नावाच्या योजना आहेत, त्यात सरकारचा पैसा कॉलेजांना आणि संस्थांना जातो आणि त्यातून सल्लागार, शिकवणारे नेमले जातात, शाळेत असल्यापासून मुलाला धरून कॉलेज पूर्ण होईपर्यंत. प्राधान्य गरीब घरच्या आणि ज्यांच्या आईबापांकडे पदवी नाही अशा मुलांना, आणि किती टिकले, किती पदवीधर झाले याचा रिपोर्ट दरवर्षी द्यावा लागतो. तिथलं सगळं आलबेल आहे असं नाही, ट्रम्प सरकारने 2026 च्या बजेटात हे पैसेच बंद करायचा प्रस्ताव आणला होता. आणि अमेरिकेपर्यंत जायला तरी कशाला पाहिजे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा नुसती फी नव्हती दिली, पोरं जेवली का, अभ्यासाला बसली का हे बघणारं माणूस तिथे होतं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले.

आपल्याकडे प्रत्येक कॉलेजात एक पगारी माणूस फक्त याच मुलांसाठी ठेवायला काय हरकत आहे? कंत्राटी शिपाई नको, आणि अकाऊंटच्या क्लार्कला ॲडिशनल चार्ज तर नकोच नको. नववी-दहावीपासूनच महापालिकेच्या शाळांत जाऊन दाखल्यांचं काम सुरू करेल, केटी लागली तर संध्याकाळी शिकवणी लावून देईल, फॉर्म परत आला तर घरी जाऊन सांगेल. आणि जी मुलं इथलीच आहेत, दिघा, रबाळे, इंदिरानगरची, त्यांना स्थानिक म्हणून स्वाधार नाही, दहा बाय दहात सहा माणसं, त्यांच्यासाठी रात्री उशिरापर्यंत उघडी अभ्यासिका तरी द्या.

तुमच्या वार्ताहराला ठाण्याच्या समाजकल्याण ऑफिसात पाठवून एवढंच विचारायला लावा की दोन वर्षांपूर्वी एफवायला म्हणजे पहिल्या वर्षाला ज्यांची स्कॉलरशिप मंजूर केलीत त्यातले किती जण आज टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहेत, आणि मिळेल तो आकडा पहिल्या पानावर छापा.

– एक निवृत्त कॉलेज कर्मचारी, ऐरोली