दहा पावलं

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर मी तुम्हाला "जरा मनावर घ्या" म्हणाले, ते तेव्हापासून मलाच टोचतंय. ओसरीपर्यंत दहा पावलं चाललात आणि तासभर झोपलात, हे आईकडून ऐकलं आणि मी घाबरले. माझं चुकलं.

काल इथल्या फिजिओथेरपिस्टबाईंना भेटले. त्यांनी समजावलं, अर्धांगवायूमुळे डावा गुडघा नीट वाकत नाही, म्हणून तुम्ही तो पाय कमरेतून उचलून बाहेरून फिरवून टाकता. तोल आणि वजन दोन्ही उजव्या बाजूवर येतं. तेवढंच अंतर कापायला अर्धांगवायूच्या माणसाला कितीतरी जास्त ताकद लागते, काहींना जवळजवळ दुप्पट. त्यात अंथरुणावरच्या दिवसांनी दम कमी झालाय. चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलंत तुम्ही. कष्टाची तुम्हाला सवय आहे, पण या दहा पावलांचे कष्ट वेगळे आहेत.

आई, पहिल्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना फार उठू दिलं नाही म्हणून तू चिडली होतीस. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी छापून आली, पाच देशांतल्या अर्धांगवायूच्या २,१०४ रुग्णांची. पहिल्या २४ तासांतच उठवून ज्यांना जास्त चालवलं, त्यांच्यातले ४६ टक्के तीन महिन्यांनी चांगले सावरले होते. नेहमीच्या पद्धतीनं उठवलेल्यांतले ५० टक्के. पुढे त्याच माहितीतून दिसलं, की थोडा थोडा वेळ पण वारंवार उठलेले जास्त बरे राहिले.

म्हणून आता एका दमात अंगणाची फेरी नको. चहाआधी खुर्चीतून चारदा उठणं, मग विश्रांती, दुपारी पुन्हा थोडं. आंघोळीनंतर लगेच चालवू नकोस, आंघोळही दमवते. आणि डाव्या हाताला धरून ओढू नकोस गं, खांद्याला इजा होते. कमरेला आधार दे. शर्टाची बटणं मात्र त्यांनाच लावू दे, कितीही वेळ लागो. तुझा जीव तुटतो, माहीत आहे मला. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना फोन.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येते. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचाय, गवंडीदादांना सांगून ठेव.

तुमची,
मनू