पाच-ए पासून सुरुवात कर

म्हापसा, गोवा

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. एलएल.बी. संपल्यावर करकायद्यात एलएल.एम. करू, की सीएच्या वाटेला जाऊ, की एम.कॉम. करून सरळ आपल्याच ऑफिसात बसू, असं विचारलं आहेस. फोनवर सांगितलं असतं, पण आपलं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत आईच्या "जेवलीस काय?" वर येऊन थांबतं. म्हणून लिहितोय.

निकाल आधी देतो, कारणं मागाहून. एलएल.एम. कर.

ऑफिसात बसायचं म्हणतेस, ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तू लहानपणी पाहिलेलं ऑफिस आता राहिलेलं नाही. तेव्हा जुलै महिना म्हणजे जत्रा असायची, दुकानदार पिशवीत बिलं कोंबून आणायचे आणि आम्ही ती सुतळीने बांधून वर्षाचा हिशेब लावायचो. आता पोर्टल उघडलं की पगार, बँकेचं व्याज, डिव्हिडंड, टीडीएस म्हणजे आधीच कापलेला कर, बरंचसं आधीच भरून आलेलं असतं. नुसतं रिटर्न भरून देण्यात राम उरला नाही. उरलंय ते पुढचं काम: नोटीस आली की ती वाचायची, खात्याने कुठल्या कलमावर बोट ठेवलंय ते बघायचं, उत्तर लिहायचं, नाही ऐकलं तर अपील. हे काम भाषेचं आणि युक्तिवादाचं आहे. फेसलेस असेसमेंट, म्हणजे अधिकाऱ्याला न भेटता सगळी तपासणी ऑनलाइन, आल्यापासून तर साहेबाच्या समोर बसून अजिजी करायची सोयही गेली. जे म्हणायचं ते कागदावर नीट मांडता आलं पाहिजे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा लागू झाला. ८१९ कलमांची ५३६ झाली, पाच लाखांहून जास्त शब्दांचे साधारण दोन लाख साठ हजार उरले, 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलं. माझ्यासारख्यांनी जन्मभर जे नंबर तोंडपाठ केले, ज्यांच्या जोरावर गिऱ्हाइकासमोर भाव खाल्ला, ते सगळे बदलले. बचतीवरच्या वजावटीचं ८०-सी आता १२३ झालं. १९४ च्या मागे ए, बी, सी, एच, आय, जे लागून झालेला टीडीएसचा सगळा गोतावळा ३९३ या एकाच कलमात, तक्ते करून बसवला आहे; पगाराचा तेवढा ३९२ मध्ये. म्हणजे पाठांतराचं भांडवल बुडालं. पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस आणि तू, नंबरांच्या बाबतीत एकाच रेषेवर उभे आहात. अशी संधी तुझ्या आधीच्या पिढीला मिळाली नाही. फक्त जुनं पुस्तक रद्दीत घालू नकोस. मागच्या वर्षांच्या केसेस जुन्याच कायद्याने चालणार, तेव्हा पुढची बरीच वर्षं टेबलावर दोन्ही लागतील.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तू लिहिलंस की प्रबंधासाठी आंतरराष्ट्रीय करआकारणीतलं काहीतरी मोठं घ्यायचं मनात आहे. घे, मी अडवणारा कोण. पण बाय, तुझ्या घरात एक विषय आहे जो दिल्लीच्या किंवा बेंगळुरूच्या मुलाला पुस्तकात एका पानावर भेटतो आणि तुला जन्मापासून माहीत आहे. जुन्या कायद्याचं कलम ५-ए.

आपल्याकडे लग्नाची सही रजिस्ट्रारपुढे होते. त्याआधी नवरा-बायकोने वेगळा करार केला नसेल, तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे दोघांची मिळकत समाईक, अर्धी त्याची, अर्धी तिची. आयकर कायद्याला हे पचायला वेळ लागला. समाईक उत्पन्न नेमकं कुणाच्या नावावर धरायचं, यावरून गोव्यातले वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी १९९४ च्या वित्त अधिनियमाने ५-ए आणलं: पगार सोडून बाकी प्रत्येक उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं वाटायचं. नव्या कायद्यातही ही तरतूद आहे, नंबर तेवढा बदलला.

याचा परिणाम बघ. बांद्याचा एक दुकानदार आणि पेडण्याचा एक दुकानदार, मध्ये फक्त पत्रादेवीचा नाका. दोघांचा धंद्यातला नफा १४ लाख, बायका घर सांभाळतात, दुसरं उत्पन्न नाही. नव्या करप्रणालीत (दर कमी, वजावटी थोड्या) २०२५-२६ च्या दरांनी बांद्याच्या माणसाला ९०,००० कर आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून ९३,६०० रुपये भरावे लागतात. पेडण्याचे दोघे सात-सात लाखांचं रिटर्न भरतात, १२ लाखांपर्यंतच्या रिबेटमध्ये, म्हणजे करमाफीत, बसतात आणि एक पैसा लागत नाही.

हे ऐकून आपले लोक खूश होतात. तिथेच थांबायचं नाही. आता दुसरं जोडपं घे. बायको शिक्षिका, पगार १२ लाख. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, नफा ८ लाख. हेच जोडपं बांद्याला असतं तर दोघांचाही कर शून्य. गोव्यात तिचा पगार तिच्याकडेच राहतो, वर दुकानातले ४ लाख तिच्या माथी येतात. ७५,००० ची प्रमाणित वजावट काढून उत्पन्न होतं १५,२५,०००, आणि सेससकट कर १,१३,१००. जो नफा तिने डोळ्यांनी पाहिला नाही, त्यापायी तिला लाखभर भरावे लागतात. नवरा मात्र उरलेल्या ४ लाखांवर काही देत नाही.

अशी जोडपी माझ्याकडे दरवर्षी येतात. बाकावर बसतात, मी रिटर्नमधला वाटणीचा तक्ता, शेड्यूल ५-ए, स्क्रीनवर उघडून दाखवतो, आणि नवरा हमखास विचारतो, "दुकान म्हजें, मागीर तिका अर्दें कित्याक?" (दुकान माझं, मग तिला अर्धं कशाला?) बायको काही बोलत नाही, पण माझ्याकडे ज्या नजरेने बघते त्यावरून कळतं की उत्तर तिलाही ऐकायचंय. मग टीडीएसचा घोळ निघतो. गाळ्यात भाड्याने असलेल्या बँकेने भाड्यावरचा टीडीएस नवऱ्याच्या पॅनवर कापलेला असतो, भाडं मात्र निम्मं बायकोचं, तेव्हा निम्मं क्रेडिटही तिचं. दोघांच्या रिटर्नमध्ये आकडे तंतोतंत जुळले नाहीत की महिन्याभराने जास्तीच्या कराची डिमांड दारात. हक्काच्या क्रेडिटसाठी पत्रव्यवहार करत बसायचं.

प्रबंधाचा प्रश्न इथे आहे. नागरी कायदा पगारालाही समाईक मानतो, मग करकायद्याने पगार का वगळला? पगारदार बाईला त्याचा फटका बसतो, तर तिला वेगळं राहण्याची मुभा असावी का? २०१६ पासून लागू झालेल्या गोव्याच्या वारसा आणि इन्व्हेंटरीच्या (मिळकतीची यादी करून वाटणी) कायद्याशी हे कसं जुळतं? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोवेकराची मिळकत भारतात कुठेही असली तरी वारशाला आपलाच नागरी कायदा लागेल. मग पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्याचं काय, हा प्रश्न माझ्या बाकावर येऊन बसलाच समज. यावर लिहिणारे फार नाहीत. तू लिही.

आणि एक. वर्गात 'पूर्वलक्षी', म्हणजे मागच्या तारखेपासून लागू होणारा, कायदा आला की सगळे व्होडाफोन कंपनीच्या करखटल्यावर तुटून पडतील. २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, त्याच वर्षी सरकारने मागच्या तारखेपासून कायदा बदलला, २०२१ मध्ये तो दावा सोडून दिला, हे सगळं खरं. पण तू हात वर कर आणि सांग की ५-ए सुद्धा पूर्वलक्षी आहे. १९९४ मध्ये आलं आणि १ एप्रिल १९६३ पासून लागू धरलं, म्हणजे गोव्यात आयकर आला तेव्हापासून. एकतीस वर्षं मागे जाऊनही त्यावर बोंब झाली नाही, कारण लोक आधीच जे खरं मानत होते तेच कायद्याने कबूल केलं. मागची तारीख कधी अन्याय ठरते आणि कधी नाही, यावर तुला एक उदाहरण जास्त माहीत आहे.

वाचनाचं सांगतो. एलएल.एम. ला जायच्या आधी दोनच निकाल नीट वाच. एक इंग्लंडमधला १९२१ चा केप ब्रँडी सिंडिकेट: रोलॅट साहेब म्हणाले की करकायद्यात जे स्पष्ट लिहिलंय तेवढंच बघायचं, न्याय-अन्यायाच्या भावनेला तिथे जागा नाही. दुसरा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा दिलीप कुमार आणि कंपनी. कर लावणारं कलम संदिग्ध असेल तर फायदा करदात्याला, पण सवलत देणारी अधिसूचना संदिग्ध असेल तर फायदा सरकारला. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या भांडणांचा निकाल या एका फरकावर लागतो आणि गिऱ्हाइकाला तो पटवताना घशाला कोरड पडते.

अप्रत्यक्ष कर तुला कोरडे वाटतात, हे माहीत आहे. पण जीएसटीसाठी गोव्याइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. २० सप्टेंबर २०१९ ला जीएसटी कौन्सिलची बैठक गोव्यात झाली आणि तिथे हॉटेलच्या खोल्यांचे दर उतरले. तेव्हापासून खोलीचं रोजचं ७,५०० रुपये भाडं ही किनाऱ्यावरची लक्ष्मणरेषा झाली. ७,५०० पर्यंत १२ टक्के, एक रुपया वर गेला की १८. सप्टेंबर २०२५ मध्ये खालचा दर ५ टक्क्यांवर आणला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घ्यायची सोय, काढून घेतलं. पाहुण्याला स्वस्त झालं. मालकाने मात्र एसी, गाद्या, रंगकाम यांवर भरलेला कर आता त्याच्याच खर्चात जातो. कळंगुटच्या एखाद्या हॉटेलवाल्याला विचार, दर कमी झाला म्हणून तो नाचत नाही. आणि बारमध्ये एकाच टेबलावर किंगफिशच्या ताटाला जीएसटी, शेजारच्या फेणीच्या पेल्याला राज्याचा कर, कारण पिण्याची दारू घटनेनेच जीएसटीबाहेर ठेवली आहे. २०१२ साली मुख्यमंत्री पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि पेट्रोल अकरा रुपयांनी उतरलं, ते तुला आठवत असेल. असा निर्णय घेणं राज्याच्या हातात होतं, कारण कर राज्याचा होता. जीएसटीत एकटं राज्य असा दर बदलू शकत नाही.

सीएबद्दल थोडक्यात: चांगला मार्ग आहे, पण तो हिशेब तपासणाऱ्याचा आहे आणि तुला ताळेबंदापेक्षा भांडण जास्त आवडतं. एम.कॉम. तू केव्हाही बाहेरून करू शकतेस. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या एक वर्षाच्या एलएल.एम. साठी क्लॅट पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. कॉलेज निवडताना नावापेक्षा कर शिकवणारे कोण आहेत ते बघ. एक माणूस रोज कोर्टात उभा राहणारा असला तर बाकी सगळं चालवून घे.

पैशांची काळजी करू नकोस. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, त्याची चौकशी मी करतो. तू वकिली डोकं चालवून विचारशील की शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या कायद्यातल्या ८०-ई ची वजावट नव्या कायद्यातही मिळते ना? मिळते, तीही जुन्या करप्रणालीतच. पण व्याजच नसेल तर वजावट कशाची घेणार!

सुट्टीत आलीस की दोन दिवस पणजीला जा. आयकर अपील न्यायाधिकरणाचं खंडपीठ तिथे बसतं, मागच्या बाकावर बसून ऐकायला कुणी मनाई करत नाही. तारखा कशा पडतात, खात्याचा प्रतिनिधी काय बोलतो, सदस्य कुठे थांबवतात, हे बघून ये. वेळ राहिला तर मांडवीकाठच्या निळ्या इमारतीत जा, जुनी आल्फांदेग, म्हणजे पोर्तुगीज काळातलं जकातघर. तिथे आता कस्टम्स आणि जीएसटीचं 'धरोहर' संग्रहालय आहे. चोरट्या मालाच्या क्लृप्त्या बघायला मजा येते.

चवथीला, गणपतीत, येतेस ना? तिकीट आताच काढ, नंतर बसवाले दुप्पट घेतात. येताना तुझी मूळ गुणपत्रिका घेऊन ये, कर्जाच्या फॉर्मला झेरॉक्सबरोबर ती दाखवावी लागेल. आणि वरची दोन जोडप्यांची उदाहरणं स्वतः सोडवून बघ, माझ्या आकड्यांवर विसंबू नकोस. चूक सापडली तर आईसमोर सांगू नकोस, मला वेगळा फोन कर.

तुझे,
बाबा