लेन्स भाड्याने घ्या, पण शर्यतीच्या आदल्या रात्री नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत शर्यतींच्या फोटोग्राफीवर लेख आला होता तो वाचला, खरं तर दोनदा वाचला, पहिल्यांदा चिडचिड झाली आणि दुसऱ्यांदा हसू आलं. लेखाचा एकूण सूर असा की गाड्यांचे भारी फोटो हवेत तर मिळेल तेवढी मोठी लेन्स घ्या, विकत परवडत नसेल तर ४०० एमएम एफ/२.८ (लांबचं जवळ आणणारी, भरपूर प्रकाश घेणारी भलीमोठी लेन्स) एका दिवसासाठी भाड्याने आणा, की काम फत्ते. मी अगदी हेच करून बसलोय म्हणून लिहितोय. भाड्याने घेण्याला माझा विरोध नाही, उलट वर्षातून दोनदा-तीनदा रेसला जाणाऱ्याने असली लेन्स विकत घेऊन कपाटात झोपवून ठेवायची म्हणजे वेडेपणाच. माझं भांडण त्या "एका दिवसासाठी" आणि "मिळेल तेवढी मोठी" या दोन गोष्टींशी आहे.

माझं काय झालं ते सांगतो. रेस रविवारी, लेन्स हातात आली शनिवारी रात्री. कॅननची ४०० एफ/२.८, दुसरी आवृत्ती, वजन ३,८५० ग्रॅम, वर बॉडीचं, म्हणजे कॅमेऱ्याचं, वजन वेगळं. घरी आरशासमोर उभा राहून धरून बघितली तेव्हा लय भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी जाळीजवळ जागा पकडली, पहिली गाडी आली आणि फ्रेममध्ये आलं काय तर एक चाक आणि अर्धा दरवाजा. नंतर घरी येऊन गणित केलं, जे आधी करायला हवं होतं. माझी बॉडी क्रॉप सेन्सरची, म्हणजे सेन्सर छोटा आणि दृश्य आणखी अरुंद, त्यावर ४०० एमएमची लेन्स ३० मीटरवर जेमतेम १.६७ मीटर रुंदीची जागा बघते. आडवी जाणारी मोटरसायकलसुद्धा त्यात मावत नाही, साडेचार मीटरची गाडी मावायला तुम्ही ८० मीटर तरी लांब पाहिजे, आणि फॉर्म्युलावाली गाडी तर पाच मीटरच्या वर लांब असते. आता फिक्स लेन्स, झूम करायला काही नाही, मागे सरकावं तर मागे माणसं. म्हणजे जी लेन्स "कमी पडायला नको" म्हणून आणली ती जास्त झाली!

त्यात लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ/२.८ ला पूर्ण उघडं ठेवलं होतं, कारण एवढी मोठी काच आणलीय तर वापरायला नको का. त्या अंतरावर फोकसमध्ये राहणारी खोली साधारण ६० सेंटीमीटर येते. समोरून येणाऱ्या गाडीचं नाक शार्प, हेल्मेट मऊ. असे दोनेकशे फोटो माझ्याकडे आहेत, नाकांचा संग्रह म्हणा हवं तर.

म्हणून माझं म्हणणं असं की भाड्याने आणायचीच तर आधी तुम्ही नक्की कुठे उभे राहणार ते बघा, तिथून ट्रॅक किती लांब आहे ते बघा आणि मग लेन्स ठरवा. गावातल्या रस्त्यांवरून जाणाऱ्या ट्रॅकवर, मोनॅकोसारख्या, गाडी कठड्याला चिकटून जाते, तिथे ७०-२०० एमएमची झूमसुद्धा पुरून उरते. मोठ्या, नव्या ट्रॅकवर वळणाच्या बाहेर भलंमोठं मोकळं मैदान सोडलेलं असतं आणि प्रेक्षक त्याच्याही पलीकडे, तिथे ४०० अपुरी पडून ६०० ची आठवण येते. नवख्या माणसाला मी तरी १००-४०० घ्यायला सांगेन, कॅननची दुसरी आवृत्ती साधारण १.६ किलोची आहे, दिवसभर हातात धरता येते, गाडी लांब असताना ४०० वर आणि समोर आली की १०० वर. जास्त लांबी हवी तर सिग्माची कंटेम्पररी किंवा टॅमरॉनची १५०-६००, किंवा सोनीवाल्यांना २००-६००, वजन दोन किलोच्या आसपास, फक्त लांबच्या टोकाला एफ/६.३ होतं, म्हणजे प्रकाश कमी येतो, एवढं लक्षात ठेवा, ढग आले की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवावा लागतो. सोनीच्या त्या लेन्सची एक गोष्ट मला फार आवडते, झूम केलं तरी ती बाहेर येत नाही, त्यामुळे मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) तोल बिघडत नाही.

आणि कृपा करून लेन्ससोबत २x टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून लांबी वाढवणारी काच) "असू दे" म्हणून घेऊ नका. १.४x ने एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो, २x ने दोन स्टॉप, आणि जुन्या बऱ्याच डीएसएलआर बॉडीज एफ/५.६ च्या पलीकडे ऑटोफोकसच करत नाहीत, म्हणजे १००-४०० ला १.४x लावला की एफ/८ आणि ऑटोफोकस गप्पच बसतो. मिररलेसवाल्यांना (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) हा त्रास कमी. पण त्यांना दुसरं, अ‍ॅडॉप्टर. निकॉनची झेड बॉडी आणि जुनी, बॉडीतल्या मोटारच्या स्क्रूवर चालणारी एएफ-डी लेन्स असेल तर जुन्या लेन्स झेडला जोडणारा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावूनही ऑटोफोकस मिळत नाही, ही गोष्ट ट्रॅकवर कळली तर रडूच येईल.

मोठ्या लेन्सच्या बाजूने मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो, ती म्हणजे जाळी. प्रेक्षकांच्या समोर बहुतेक ठिकाणी जाळी असतेच. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवली, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं आणि गाडी लांब असली की तारा विरघळून जातात, दिसतच नाहीत, आणि इथे एफ/२.८ ची ती ताटाएवढी काच खरंच कामाला येते, कारण तार तिच्यापुढे फार छोटी पडते. एफ/६.३ वर त्याच तारेची धूसर पट्टी राहते. पण लेन्स कुठलीही असो, तारेवर ऊन पडलं असेल तर सगळा फोटो पांढुरका होतो, म्हणून जाळीवर सावली असेल अशी जागा शोधा. आणि फोकस लिमिटरचा स्विच बघा, भाड्याने लेन्स घेणारे बरेच जण त्याला हातच लावत नाहीत. कॅननच्या १००-४०० वर तो ३ मीटर ते अनंत असा लावता येतो, मग ऑटोफोकस नाकासमोरच्या जाळीवर जाऊन अडकत नाही. मला हे कुणी सांगितलं असतं तर माझे अर्धे फोटो जाळीचे आले नसते, फार सुरेख जाळी आहे ती, एकेक गाठ मोजता येते.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या लेखासोबत जो फोटो छापलाय तो परत एकदा बघा. गाडी शार्प आहे, रंग मस्त आहेत, पण चाकं थांबलेली आहेत. स्टिकर वाचता येतात टायरवरचे! गाडी पार्किंगमध्ये उभी केल्यासारखी दिसते. हा लेन्सचा दोष नाही, शटरचा आहे. ताशी २५० किमीने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण ७० मीटर जाते, म्हणजे १/१००० सेकंदात ७ सेंटीमीटर आणि १/१२५ मध्ये अर्ध्या मीटरहून जास्त. चाक फिरतंय हे दिसायला आणि मागचं सगळं रेषांमध्ये वाहून जायला शटर हळू लागतं, १/१२५, जमलं तर १/६०, आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवावा लागतो. पॅनिंग. आणि पॅनिंग ही लेन्सची कला नाही राव, कमरेची आहे. पाय तिकडे रोवायचे जिथे फोटो घ्यायचाय, कमरेतून मागे वळून गाडी पकडायची, तिच्यासोबत फिरत यायचं, बटण दाबायचं आणि दाबल्यावरही थांबायचं नाही, बॅट्समन शॉट मारल्यावर बॅट जशी पुढे जाऊ देतो तसं फिरत राहायचं. दाबताना थांबलात की संपलं.

हे चार किलोची अनोळखी लेन्स पहिल्यांदा हातात घेऊन रेसच्या दिवशी जमत नाही. कुणालाच नाही. स्टॅबिलायझरचे (हाताचा थरथराट सावरणारी यंत्रणा) मोड कुठे आहेत तेच माहीत नसतं, मोड १ वर ठेवून पॅनिंग केलं तर काही लेन्सेसमध्ये ते आडव्या हालचालीशीच भांडत बसतं, मोड २ पॅनिंगसाठी असतो. झूमची रिंग कुठल्या बाजूला फिरते हे हाताला कळायलाच एक दिवस जातो, निकॉन आणि कॅननची उलट्या बाजूला फिरते हे तर विचारूच नका. दुसऱ्या वेळी मी १००-४०० दोन दिवस आधी आणली आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभा राहून सायकली, स्कूटर, बस, जे येईल त्याचे फोटो काढत बसलो. लोक बघत होते, एका काकांनी विचारलंसुद्धा की सर्वे चाललाय का. पहिल्या संध्याकाळी शंभरात तीन-चार धड आले, दुसऱ्या संध्याकाळी बरे वीसेक आले आणि रेसच्या दिवशी लेन्सकडे बघायची गरज उरली नव्हती. ते दोन दिवसांचं जास्तीचं भाडं जे गेलं ते मोठी लेन्स एका दिवसासाठी आणण्यापेक्षा शंभरपट वसूल झालं.

भर उन्हात १/६० ठेवायचं म्हटलं की अजून एक भानगड होते, आयएसओ १०० ला सुद्धा अ‍ॅपर्चर एफ/१६ च्या पुढे जातं, मग सेन्सरवरची प्रत्येक धूळ आकाशात ठिपका म्हणून दिसते आणि फोटोचा शार्पनेसही जातो. एनडी किंवा पोलरायझर, म्हणजे प्रकाश कमी करणारा फिल्टर, लावावा लागतो. पण भाड्याच्या लेन्सला तुमच्याकडचा फिल्टर बसेलच असं नाही, १००-४०० ला ७७ एमएम लागतो, त्या १५०-६०० ला ९५ एमएम, आणि मोठ्या ४०० एफ/२.८ ला पुढून फिल्टर नसतोच, मागच्या बाजूला खाचेत सरकवायचा छोटा असतो. लेन्स घेतानाच फिल्टर मागून घ्या. आणि दुपारी तापलेल्या डांबरावरून हवा थरथरत असते, तेव्हा लांबची गाडी पाण्यातून बघितल्यासारखी येते, त्याला जगातली कुठलीच महागडी लेन्स औषध नाही, सकाळी या किंवा ऊन उतरल्यावर या.

मिररलेसवाल्यांसाठी एक जाता जाता. इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे काही कॅमेऱ्यांत गाडी तिरकी आणि चाक लंबगोल येतं. हे नवीन नाही बरं का, झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच फोटोग्राफरचा शंभरेक वर्षांपूर्वीचा ग्रां प्रीचा प्रसिद्ध फोटो आहे, त्यात चाक असंच अंड्यासारखं पुढे झुकलंय आणि मागची माणसं उलट्या बाजूला कललीत, कारण शटरची फट सावकाश सरकत होती आणि त्याचा कॅमेरा गाडीपेक्षा हळू फिरत होता. त्याच्यात ते वेगाचं प्रतीक झालं, आपल्यात ती चूक दिसते. तेव्हा मेकॅनिकल शटर असेल तर तेच वापरा.

राहिलं भाड्याचं. माझ्याकडून लेन्स परत करताना हूडच्या कडेला एक खरचटा निघाला, दुकानदार म्हणे तुम्ही केला, मी म्हणे आधीच होता, पुरावा दोघांकडे नाही, डिपॉझिट माझं त्याच्याकडे, मग कोण जिंकलं सांगायला नको. तेव्हापासून मी काउंटरवरच मोबाईलवर व्हिडिओ काढतो, पुढची काच, मागची काच, माउंट, हूड, कॉलर, सिरीयल नंबर, आणि मोबाईलचा टॉर्च आतून मारून बुरशी बघतो. दुकानदार वैतागतात, वैतागू देत. डॅमेजचा जो जास्तीचा आकार घेतात त्यात चोरी बऱ्याचदा धरलेली नसते, हे सही करायच्या आधी विचारा. दिवस कसे मोजतात तेही, २४ तास की तारखेने, नाहीतर सोमवारी सकाळी दहाला परत केलेल्या लेन्सचा आणखी एक दिवस लागतो. आणि तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लेन्सच्या लांबीबद्दल काही नियम असेल तर तो लेन्स बुक करायच्या आधी वाचा, गेटवर नको.

पुढच्या रेससाठी मी १००-४०० चार दिवसांसाठी सांगून ठेवलीय, गुरुवारी आणणार, सोमवारी परत. तुमच्या लेखकांना यायचं असेल तर रस्त्याच्या कडेला जागा भरपूर आहे.

आपला,
एक जुना वाचक

ता.क. दुसऱ्या वेळी आणलेल्या लेन्सने पहिला अर्धा तास एकही फोटो फोकसमध्ये येईना, मी दुकानदाराला फोन लावून तावातावाने बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता दिसलं, आधीच्या गिऱ्हाइकाने स्विच मॅन्युअल फोकसवर ठेवला होता. फोन कट झाला असं सांगून मी ठेवला.